गुलिक, वय एकसष्ट

सोमवार, १४ मार्च १९८३

आलो एकदाचे! शेवटचं खोकं उतरवताना लाइलच्या नाकी नऊ आले आणि मी मात्र पायरीवर बसून हुकूम सोडत होते. सातवा सरत आलेल्या बायकोला तेवढा हक्क असतो. अंगणात घोटाभर चिखल आहे, बर्फ फक्त कोठाराच्या सावलीत उरलाय. मिनियापोलिसच्या तीन खोल्यांतून आम्ही थेट एकशेसाठ एकरांवर येऊन पडलो आहोत. दिवस मावळायच्या आत तीन शेजारणी भाजलेल्या बटाटे-खिम्याचं तेच ते भांडं घेऊन आल्या. लाइलने तिघींनाही तुमचंच सगळ्यांत चवदार म्हणून सांगितलं. जर्मनांच्या घरात वाढलेला असला तरी हा माणूस इथल्या नॉर्वेकरांत टिकेल.

शेत माझ्या पणजोबांचं, तोस्तेनचं. नॉर्वेहून येऊन त्यांनी या टेकडीखाली पहिला नांगर घातला. माझे वडील शहरात गेले, त्यांची बहीण थेआआत्या इथेच राहिली. तिने लग्न केलं नाही, ट्रॅक्टर चालवला, आणि ऐंशी वर्षांची होईस्तोवर कोणाच्या बापाचं ऐकलं नाही. ऑक्टोबरात खुबा मोडला तेव्हा ती हेग्गेन गावातल्या वृद्धाश्रमात गेली आणि घर मला दिलं. माझा हट्टीपणा कुठून आला हे विचारायला नको.

पुढच्या सोमवारपासून कोर्टहाउसात काम सुरू. काउंटीला सव्वाशे वर्षं होताहेत म्हणून एक जाडजूड पुस्तक निघणार आहे. त्यात जुन्या खानेसुमारीतलं प्रत्येक घर असेल आणि आजचंही प्रत्येक घर, जुन्याच पद्धतीने: १ जूनला घरात कोण कोण होतं, वय, प्रमुखाशी नातं. कार्डं टंकायची मी. म्हणजे पगार घेऊन पूर्वज शोधायचे. याहून चांगली नोकरी कोणती?

एक गोष्ट लिहून टाकते, म्हणजे मनातून जाईल. याआधी दोन गेली. हे तिसरं. हे मी कोणालाही देणार नाही, देवालासुद्धा.

गुरुवार, २४ मार्च

तळघरातल्या दप्तरांचा राजा म्हणजे ऑर्विल नाटविग. तीस वर्षं तो तिथे आहे, आणि रंगही बटाट्याच्या कोंबासारखा झालाय. त्याने मला पहिला धडा दिला तो १ जूनचा. खानेसुमारीचा माणूस घोड्यावरून जूनभर, कधी जुलैभर फिरायचा, पण लिहायचा १ जूनची स्थिती. २ तारखेला जन्मलेलं पोर समोर रडत असलं तरी ते लिहायचं नाही. आणि १ तारखेला जिवंत असलेला माणूस नंतर मेला, पुरला, तरी त्याला जिवंत लिहायचं. ऑर्विल म्हणाला, "आर्डिसबाई, आमच्या कागदावर मेलेली माणसं फार खणखणीत असतात."

आज तोस्तेन सापडला. १८५७ चा शरद, या काउंटीतल्या पहिल्या पानांपैकी एक. तोस्तेन, २९, शेतकरी. शेर्स्ती, १९, त्याची बायको. आणि गुलिक, ६१, तोस्तेनचे वडील, माझे खापरपणजोबा. त्यांचं नाव आमच्या घरात मी आजवर एकदाही ऐकलं नव्हतं. १८६० च्या पानावर गुलिक नाही. चर्चच्या वहीत मृत्यू नाही, दफनभूमीत दगड नाही. एकसष्ट वर्षांचा माणूस हवेत विरला.

१८८० चा शेतीचा तक्ताही पाहिला. गहू, ओट, नऊ गाई, सातशे पौंड लोणी. सातशे पौंड लोणी कोणी घुसळलं? शेर्स्तीने. तिच्या नावापुढे लिहिलंय 'घरकाम'. मी कार्डावर 'शेतकरी' असं टंकलं. ऑर्विलने चष्म्यावरून पाहिलं.

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात. आमच्यात ऋषी कोणी नाही, तेव्हा मला मुभा आहे.

शुक्रवार, ८ एप्रिल

१८६० च्या पानावर म्हातारा गुलिक नाही, पण दुसरा एक गुलिक आहे. वय एक महिना. १८६५ मध्ये गुलिक आहे, त्या वर्षी वयं लिहीत नसत. १८७० मध्ये गुलिक, एक महिना. १८७५, एक महिना. १८८०, एक महिना.

वीस वर्षांत पोर एका दिवसाने वाढलं नाही. ऑर्विल हसून म्हणाला की कारकुनांनी आळसाने मागचं पान उतरवलं असणार. मी पाचही पानं त्याच्यासमोर मांडली. पाच वेगळे कारकून, पाच वेगळी अक्षरं. मग तोही हसायचा थांबला.

जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला आणि मला कळलं. हे एक पोर नाही, पाच आहेत. मेलेल्या मुलाचं नाव पुढच्या मुलाला द्यायचं ही नॉर्वेहून आलेल्या आपल्या लोकांची रीतच होती, सगळ्यांच्याच घरात. प्रत्येक गुलिक मेमध्ये जन्मला, १ जूनला जिवंत होता, आणि कारकून दारात येईपर्यंत गेलेला होता. मधल्या मुली दुसऱ्या नावांच्या, त्या जगल्या. नियम तो नियम म्हणून शेर्स्तीने मेलेलं लेकरू दर वेळी जिवंत लिहून दिलं असेल. डबा मी तसाच बंद केला.

मंगळवार, १२ एप्रिल

थेआआत्याकडे लेफ्स घेऊन गेले, बटाट्याच्या त्या पातळ पोळ्या, लोणी-साखर लावून गुंडाळलेल्या. तीन खाल्ल्या तिने आणि मग म्हणाली, जाड झाल्यात. गुलिकचं नाव काढल्यावर मात्र चौथी हातातच राहिली.

तिने सांगितलं ते असं. ज्या मेलेल्याचं नाव घराण्यात कोणी ठेवलं नाही, तो पोटुशी बाईच्या स्वप्नात नाव मागायला येतो. नाव दिलं की शांत होतो. हे तिच्या लहानपणी सगळ्यांना ठाऊक होतं. शेर्स्तीच्या स्वप्नात सासरा आला आणि तिने नाव दिलं. पाचदा दिलं, पाच पुरली. सहाव्या मुलग्याच्या वेळी, १८८२ साली, तिने कोणाही पूर्वजाचं नाव ठेवायला नकार दिला, पाद्री रागावला तरी. हेग्गेनमधल्या बियाण्याच्या दुकानाच्या पाटीवर एल्मर असं लिहिलं होतं, तेच उचललं. ते एल्मर म्हणजे माझे आजोबा. अठ्ठ्याऐंशी वर्षं जगले.

मला ती बाई इतकी आवडली की काय सांगू. सगळ्या मेलेल्यांच्या तोंडावर पाटी मारली तिने!

आत्याने विचारलं, तुला आलं का कोणी स्वप्नात? मी हसले. "हसू नकोस, भवाने," ती म्हणाली. "आलं तर नाही म्हण. आणि कोर्टहाउसातली उकराउकर बंद कर. झाकली मूठ सव्वा लाखाची." मुठीत काय आहे ते काही तिने सांगितलं नाही. मला कोणी उकरू नको म्हटलं की माझे हात जास्तच शिवशिवतात.

रविवार, २४ एप्रिल

जेवून आडवी झाले होते. भर दुपार, खिडकीत ऊन. स्वप्नात स्वयंपाकघराच्या दाराबाहेर एक म्हातारा उभा होता. टोपी हातात, दाढीत बर्फाचे खडे. चेहरा वाईट नव्हता, उलट भिडस्त. ओठ हलत होते. मी 'नाही' म्हणाले, इतक्या जोरात की लाइल अंगणातून धावत आला.

आत्याने डोक्यात भरवलं ते पोटाने ऐकलं, दुसरं काय. पण नाही म्हणाले ते बरं केलं.

गुरुवार, २८ एप्रिल

१८७० पासूनची मृत्युनोंदवही मिळाली. तीन गुलिक त्यात आहेत. तिघेही ३ ते १२ जूनच्या दरम्यान गेले. मृत्यूचं कारण तिघांपुढे एकच: गारठून. आणि महिना जून, गव्हाला ओंब्या येतात तेव्हाचा.

ऑर्विल म्हणाला, त्या काळचे डॉक्टर काहीही लिहायचे. मग थोड्या वेळाने म्हणाला की हे एक घर पुस्तकातून गाळलं तरी चालेल, तो कोणाला सांगणार नाही. मी त्याला म्हटलं, या घराला आजवर सगळ्यांनी गाळलंच आहे, मी नाही गाळणार.

पाचही जण मोजणीच्या वर्षीच जन्मले हेही आज लक्षात आलं. एल्मर आजोबांचं वर्ष मोजणीचं नव्हतं. यंदा मात्र मोजणी आहे, आणि ती मीच करते आहे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच असावं.

शुक्रवार, ६ मे

मक्यासाठी जमीन फोडताना टेकडीच्या पायथ्याशी ट्रॅक्टरचं चाक खचलं. खाली पोकळी. लाइलने फावड्याने माती काढली तर आत टेकडीत खणलेलं घर निघालं, तोस्तेनचं पहिलंवहिलं घर. कोनाड्यात पत्र्याचा एक पेला. दाराच्या ओकच्या फळ्या शाबूत आहेत. आतल्या बाजूला लोखंडी आकडे आणि त्यांत घालून दार अडवायचा लाकडी आडणा अजून तसाच.

बाहेरच्या बाजूला ओरखडे आहेत. उभे, चार-चारचे, माझ्या छातीपासून खाली उंबऱ्यापर्यंत. लाइल म्हणाला, अस्वल. मग माझ्या हाताची बोटं त्या खोबणींत बसताना त्याने पाहिली.

मंगळवार, १० मे

आज टंकलेल्या कार्डांत एक जास्तीचं निघालं. लाइल, ३९. आर्डिस, ३६. गुलिक, ० — मी हे टंकलं नाही. यंत्र माझं, शाई माझी. ऑर्विल म्हणतो दमलात, घरी जा. फाडून स्टोव्हमध्ये घातलं.

दुपारी स्वयंपाकघराच्या दाराची मूठ बाहेरून पांढरी झालेली. हिमकण. बाजूला लायलॅकचं झुडूप जांभळं फुललंय.

दाराच्या बाहेर, छातीच्या उंचीवर, चार बारीक रेघा. रविवारी नव्हत्या. मी कडीवर कडी घातली आणि दाराला तोंड लावून सांगितलं की इथे नाव मिळणार नाही. पोटातून जोरात लाथ आली. पोर माझ्या बाजूचं आहे!

बुधवार, १८ मे

मुलगी! मुलगी झाली, रविवारी सकाळी, साडेसहा पौंड. घसा फोडून रडते. मी हसत सुटले तर नर्सला वाटलं वात झाला. इतकी वर्षं तो म्हातारा मुलाची वाट बघत बसला आणि मी मुलगी काढून दाखवली.

लाइलला त्याच्या आईचं नाव हवं होतं. मी नाही ऐकलं. जी बाई नाही म्हणाली, जिने सातशे पौंड लोणी काढून 'घरकाम' लिहून घेतलं, जिचं नाव तिच्या एकाही नातवंडाला दिलं नाही, तिचंच ठेवायचं. दाखल्यावर मी स्वतः लिहिलं: शेर्स्ती. ये आता नाव मागायला!

मंगळवार, २४ मे

आत्याला बाळ दाखवायला नेलं. तिने आधी गाल ओढला, नाक आपलंच म्हणाली. मग नाव विचारलं. मी सांगितलं आणि तिचा चेहरा असा उतरला की मी बाळ मागे घेतलं.

"अगं, काय केलंस हे," म्हणाली. "तिचं नाव आम्ही कोणी का ठेवलं नाही, एकदा तरी विचारायचंस."

मूठ उघडली तिने. १८५७ चा हिवाळा. तोस्तेन पिठासाठी नदीकाठच्या गावी गेला आणि वादळात तिकडेच अडकला. टेकडीतल्या घरात शेर्स्ती, पोटात पहिलं मूल, आणि सासरा. पीठ एकाला कसंबसं पुरेल इतकंच. एका दुपारी म्हातारा लाकडं आणायला बाहेर गेला आणि तिने आडणा लावला. त्याने टोपी काढून विनवलं, तिने दार उघडलं नाही. दुसऱ्या दुपारपर्यंत तो ठोकत होता. हे शेर्स्तीने मरताना एल्मरला सांगितलं, एल्मरने आत्याला. तो आपल्याही पोटच्या पोरामागे येईल, म्हणून आत्याने लग्न केलं नाही.

"तो नाव मागत नव्हता गं," आत्या म्हणाली. "आत यायला मागत होता. नाव दिलं की पोराबरोबर आत यायचा, पण गारठा घेऊनच यायचा." मग बाळाकडे बघत म्हणाली, "आणि आता तू त्याच्यासाठी कोणाला आणून ठेवलंस, बघ."

शुक्रवार, २७ मे

नाव बदलावं, लाइल म्हणतो. दाखला बदलून मिळेलही. पण मी तिला हाक मारली आहे, तिने मान वळवली आहे. नाव आता कागदावर नाही, तिच्यात आहे.

आणि शेर्स्तीचा राग येत नाही मला. प्रयत्न करून पाहिला. पोटात पोर, पीठ एकापुरतं — मी काय केलं असतं? माहीत आहे मला. म्हणूनच झोप येत नाही.

बाळाचे पाय थंड लागतात.

सोमवार, ३० मे

आज मृतांच्या स्मरणाचा दिवस, सगळं गाव दफनभूमीत, कबरींवर फुलं. गुलिकला कबर नाही. मी लायलॅक नेऊन त्या फळ्यांपाशी ठेवले. म्हटलं, तुमच्यावर अन्याय झाला. तो मी नाकारत नाही. पण हिने केला नाही.

घरी येईपर्यंत फुलं दारात. आमच्या दारात. गोठून काळी.

डॉक्टरांनी बाळाला दिव्याखाली ठेवून ऊब दिली. अंगात दोष काही नाही म्हणाले. दिवा काढला की पारा खाली. हेग्गेनच्या मोटेलात खोली घेतली, तर तिथल्या दारावरही चार रेघा. परत आलो. पळायचं तर कुठवर —

मंगळवार, ३१ मे

ठोकणं. भर दुपारी. लाइललाही ऐकू आलं आता. तो बंदूक घेऊन बाहेर गेला — कोणी नाही, ओल्या बुटांचे ठसे फक्त आत येणारे, दारापाशी संपलेले.

ताटांचं कपाट दाराला लावलं. वर टेबल. स्टोव्ह लाल झालाय. तिचे ओठ निळे. मी तिला पोटाशी बांधलंय, कातडीला कातडी. सोडणार नाही. ऐकतोस ना? नाही सोडणार —

बुधवार, १ जून

लाइल डॉक्टरांना आणायला गेला. फोन मुका. बारा वाजलेत. ऊन आहे बाहेर, कुंपणावर पाखरं आहेत. दारातून मात्र —

ठोकतोय. जोरात नाही. भिडस्तपणे.

ती रडत नाही आता.

कपाटाकडे बघतेय कधीची. कपाट, टेबल, दोन कड्या. आडणाच की हा. आत मी, पोर, ऊब. बाहेर तो. सव्वाशे वर्षांत आम्ही काहीच शिकलो नाही. एकजात सगळ्यांनी नावं दिली, नाकारली, बदलली. दार उघडलं नाही कोणी.

मी शेर्स्ती नाही. माझ्याकडे पीठ आहे. कोठी भरून आहे!

टेबल ओढलं. कपाट सरकवलं. एक कडी.

थांब म्हटलं त्याला. थांबला. ऑर्विलचा फॉर्म काढलाय. घर लिहून घेते आधी, मग ये. आज १ जून, नियम तो नियम, आज घरात जो आहे तो जिवंत. लाइल, ३९, प्रमुख. आर्डिस, ३६, बायको, शेतकरी. शेर्स्ती, १७ दिवस, मुलगी. हिच्यापुढे मी पेन दाबून लिहिलंय, कागद फाटेस्तोवर. ही तुझी नाही. तुझी ओळ खाली आहे, वेगळी, तुझ्या स्वतःच्या नावाची.

दुसरी कडी काढली.

बसले परत. ती छातीशी. दार हळूहळू — काय हा गारठा — पेनातली शाई —

खुर्ची तुझी ती. स्टोव्हजवळची. टोपी घाल हवी तर. ही मांडी माझी आहे, इकडे नाही. तिकडे. बस.

ती हलली. रडली! रडतेय —

लिहितेय, थांब, लिहितेय. गुलिक. वय एकसष्ट. घराच्या प्रमुखाशी नातं —